ट्रंकेतला वरणभात

माझ्या आईच्या स्वयंपाकघरात खिडकीशेजारी, एका बुटक्या स्टुलावर, वडिलांची जुनी पत्र्याची ट्रंक आहे. हिरवा रंग बराचसा उडालाय, पण झाकणावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं त्यांचं नाव अजून वाचता येतं. सकाळी साडेआठच्या सुमारास या ट्रंकेत एक पातेलं जातं आणि दुपारी साडेबाराला त्यातून वाफाळता वरणभात वाढला जातो. मधल्या चार तासांत घरात गॅस पेटलेला नसतो. पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी आईकडे बघतात आणि मग माझ्याकडे. आज ही ट्रंक कशी केली, ती का चालते आणि तिच्याशेजारी ठेवलेला मातीचा ‘फ्रिज’ कसा केला, ते सांगणार आहे. रेडिओवर हात पसरून माप दाखवता येत नाही, म्हणून मापं आकड्यांत सांगते. कागद-पेन्सिल जवळ असेल तर बरं.

आई वाईला एकटी राहते. एकटी म्हणजे सकाळी सात ते नऊ कामाच्या मावशी येतात, भिंतीपलीकडे शेजार आहे. पण रात्री दाराला कडी घालणारी तीच. तीन वर्षांपूर्वी, ती एक्क्याऐंशीची असताना, गॅसवर दूध ठेवून मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेली आणि तिथेच कढीपत्त्याची वाळकी पानं खुडत राहिली. दूध आटलं, जळलं, पातेल्याचं बूड काळं झालं. शेजारच्या वहिनींना वास आला आणि त्या धावत आल्या, तेव्हा ओट्यावरचं फडकं एका टोकाला धुमसायला लागलं होतं. त्यांनी गॅस बंद केला. आईला काही झालं नाही. पण त्याच महिन्यात एकदा आमटी करपली, आणि एकदा रिकामाच तवा तापत राहिला.

आम्हा भावंडांची फोनवर बैठक झाली. गॅस काढून टाकायचा आणि डबा लावायचा, असं ठरलं. आईला सांगितलं तेव्हा ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “लावा डबा. खाईन मी. पण मग दिवसभर मी काय करू? डब्याची वाट बघू?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री झोप येईना. विचार करता करता लक्षात आलं की आपण आईचा स्वयंपाक बंद करायला निघालोय, पण भीती स्वयंपाकाची नाहीच, भीती जाळाची आहे. आणि शिजायला जाळ नेमका किती वेळ लागतो? मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. हा प्रश्न मुलांना परीक्षेत घातला असेन, स्वतःच्या स्वयंपाकघरात कधी विचारला नव्हता.

हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ७५ किलोकॅलरी उष्णता लागते. तेच पाणी उकळत ठेवून सगळं आटवायचं म्हटलं तर वर आणखी ५४० किलोकॅलरी, म्हणजे सातपटीहून जास्त. एकदा उकळी फुटली की ज्योत कितीही मोठी करा, साध्या पातेल्यातल्या पाण्याचं तापमान वाढत नाही. जादाची उष्णता वाफेवर स्वार होऊन खिडकीतून निघून जाते. (वाईला पाणी पूर्ण शंभरला उकळतही नाही, ९७-९८ अंशांनाच उकळतं. वर महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच. म्हणून तिथे उघड्या पातेल्यात डाळ जास्त वेळ घेते.)

आता, डाळतांदळाला उकळ्या नको असतात, ऊब हवी असते. तांदळातलं स्टार्च साधारण ६५ ते ७८ अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतं, त्यालाच आपण भात शिजला म्हणतो. डाळीला त्याहून जास्त लागतं, पण पहिला तासभर ती नव्वदच्या आसपास राहिली तर मऊ होते. तेव्हा उकळी आणण्यापुरता आणि वर थोडा जाळ द्यायचा, आणि मग ती उष्णता पळू द्यायची नाही. जाळ पंचवीसेक मिनिटांचा, तोही मावशी घरात असताना. बाकी काम पांघरुणाचं.

ही युक्ती माझी नाही. १८६७ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात नॉर्वेहून आलेली अशी अस्तर घातलेली पेटी मांडली होती. दोन्ही महायुद्धांच्या काळात इंग्लंडमध्ये इंधनाची टंचाई होती, तेव्हा गवत भरलेल्या पेटीत अन्न शिजवायला सरकारच लोकांना सांगत होतं. दक्षिण आफ्रिकेत सारा कॉलिन्स या बाईंनी २००८ मध्ये याच तत्त्वावर कापडी पिशवी काढली. ती ‘वंडरबॅग’ नावाने प्रसिद्ध आहे. आपल्याकडे कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये इकमिक कुकर केला. त्यात खाली थोडे निखारे आणि वर एकावर एक डबे असत. माणूस सकाळी लावून कामाला जाई आणि आल्यावर जेवे. तत्त्व थोडं वेगळं, पण ‘लावून निघून जा’ हा विचार तोच. त्या डब्यांचा मला पुढे उपयोग झाला, तो सांगतेच.

आता कृती. आमची ट्रंक ६० सेंटीमीटर लांब, ४० रुंद आणि ४० खोल आहे. ट्रंक नसेल तर जाड पुठ्ठ्याचं खोकं, लाकडी पेटी, बांबूची मोठी करंडी, काहीही घ्या. नियम एकच: पातेलं आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये खाली, वर आणि चारही बाजूंना किमान १० सेंटीमीटर, म्हणजे अर्धी वीत, भरण बसलं पाहिजे. मी भाताच्या गिरणीतून पोतंभर तूस आणलं, चाळून धूळ काढली आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवलं. तूस न मिळालं तर लाकडाचा भुसा, जुन्या गादीचा पिंजून घेतलेला कापूस, पेंढा, चुरगाळलेली वर्तमानपत्रं, हे सगळं चालतं. ही पुरवणीसुद्धा चालेल, वाचून झाल्यावर. थर्मोकोल मात्र गरम पातेल्याला लागू देऊ नका, तो उष्णतेने मऊ पडून बसतो. आणि भरण ठासून भरायचं नाही. उष्णता अडवते ती हवा. तूस काय किंवा कापूस काय, त्या हवेला जागच्या जागी बसवून ठेवतो, इतकंच. गोधडीत ऊब असते ती याच कारणाने, आणि ओली गोधडी थंड लागते तीही याच कारणाने. म्हणून भरण कोरडं हवं.

या भरणाच्या गाद्या शिवायच्या. तुळईसारखी एक सपाट गादी तळाला, ६० बाय ४० ची. तशीच एक वर, झाकणाखाली. मधल्या भागासाठी मी कागदावर आकृती काढून आईला म्हटलं, मीटरभर लांबीचे, अर्धी वीत जाडीचे दोन लोड शिवायचे, गोल वळवायचे आणि एकावर एक ठेवायचे. आईने चष्मा सारखा करून आकृती पाहिली आणि म्हणाली, “लोड काय म्हणतेस? चुंबळ आहे ही. घागरीला करायचो तशी, फक्त पोटात पातेलं घेणारी.” तिने आपल्या दोन जुन्या सुती साड्या काढल्या. घट्ट विणीच्या, म्हणजे तूस बाहेर यायचं नाही. शिलाई मशिनवर मी बसले, पण तूस भरून टोकं कशी मुडपायची आणि चुंबळीला वळण कसं द्यायचं, ते तिने केलं. माझ्या हातची चुंबळ सारखी उलगडत होती. पेटीच्या दोन्ही टोकांना जागा उरली, तिथे चार छोट्या उशा ठोसल्या.

पहिला प्रयोग फसला. वाटीभर तांदूळ छोट्या पातेल्यात उकळून ट्रंकेत ठेवला. चार तासांनी उघडला तर वरचा थर फुगलेला, खालचा कचकचीत, आणि तापमापी ५८ अंशांवर. आई काही बोलली नाही, पण तिने तो भात गॅसवर ठेवला आणि शेगडीसमोर उभी राहिली, हे मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दोन चुका होत्या. एक, वरची गादी आणि चुंबळ यांच्यामध्ये फट होती. ती सापडायला सोपं जातं: पातेलं आत ठेवून अर्ध्या तासाने पेटीवरून सगळीकडे हात फिरवायचा. जिथे ऊब लागेल तिथून उष्णता गळतेय. आमच्या ट्रंकेचं झाकण कडीच्या बाजूला चांगलंच कोमट लागत होतं. तिथे एक गुंडाळी करून बसवली.

दुसरी चूक मोठी. थोडं अन्न लवकर निवतं. मोठ्या कुटुंबाचं चार लिटरचं पातेलं तासन् तास गरम राहतं, कारण त्यात उष्णतेचा साठाच जास्त असतो. एका माणसाचा वाटीभर भात तेवढं टिकत नाही. मग इकमिकचे डबे आठवले. आता आम्ही उंच, घट्ट झाकणाचं पातेलं घेतो. तळाशी दीड-दोन लिटर पाणी. त्यात कुकरचे दोन डबे एकावर एक, खाली तुरीची डाळ, वर तांदूळ. अन्न थोडंच, पण पाण्याकडे उष्णता भरपूर. डाळ अर्धा तास भिजवून घ्यायची. पातेल्यातून जोरात वाफ येऊ लागली की मंद आचेवर पंधरा मिनिटं. मग गॅस बंद, रेग्युलेटरही बंद. पातेलं मिनिटभर तसंच ठेवायचं, बूड पुसायचं आणि सांडशीने उचलून ट्रंकेत. वर गादी, झाकण, कडी. हे उचलण्याचं काम मावशींचं. दुपारी आई फक्त झाकण उघडते आणि डावाने जागच्या जागी ताटात वाढून घेते. जड, गरम भांडं तिला उचलावं लागत नाही, त्यासाठीच ट्रंक जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवलीय. दुसऱ्या प्रयोगात चार तासांनी पाणी ७९ अंशांवर होतं. डाळ बोटाने चिरडत होती. उरलेल्या गरम पाण्यात ती आपलं ताट-वाटी धुते.

कुणी म्हणेल, मग कुकर काय वाईट? मुळीच वाईट नाही. हात धड असतील, कान धड असतील तर कुकरसारखं भांडं नाही. आईच्या बोटांना संधिवात आहे, झाकण फिरत नाही; आणि शिट्ट्या किती झाल्या ते तिला कळत नाही. ज्यांच्याकडे कुकर आहे त्यांनी एक शिट्टी झाल्यावर अख्खा कुकर अशा पेटीत ठेवून पाहावा. गॅसची बचत होते, पण मी तिचा डांगोरा पिटणार नाही. आईचं १४.२ किलोचं सिलिंडर पूर्वी तीन महिने पुरायचं, आता चार महिने ओलांडतं. चहा, पोळी, फोडणी यांना गॅस लागतोच.

काही गोष्टी मात्र कान देऊन ऐका, कारण इथे चूक झाली तर पोटाशी गाठ आहे. अन्न ६० अंशांच्या खाली आणि कोमट अवस्थेत बराच वेळ राहिलं की त्यात जिवाणू वाढतात. तांदळात काही जिवाणूंची बीजुकं असतात, ती उकळूनही मरत नाहीत आणि कोमट भातात जागी होतात. म्हणून चार तासांच्या आत जेवायचं. उशीर झाला, किंवा उघडल्यावर चटका बसेल इतकं गरम वाटलं नाही, तर अन्न पुन्हा उकळल्याशिवाय खायचं नाही. रात्रभर पेटीत ठेवून सकाळी खाण्याचा मोह नको. मधे उघडून डोकावायचं नाही. एकदा डोकावलं की कोंडलेली वाफ गेली. मटण, चिकन या पेटीत करू नका. आणि राजमा असेल तर रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात तो आधी किमान दहा मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते नुसत्या उबेने जात नाही. आईकडे मी राजम्याला बंदीच घातलीय. चवळी, मटकी, मूग खुशाल करा.

थंडीत या ट्रंकेचा आणखी एक उपयोग निघाला. वाईला डिसेंबर-जानेवारीत दही लागत नाही, ही आईची जुनी तक्रार. कोमट दुधाला विरजण लावून भांडं ट्रंकेत ठेवलं की सकाळपर्यंत कवडीदार दही. इडलीचं पीठही तसंच फुगतं. पेटीला गरम-थंड कळत नाही. जे आत ठेवाल ते ती तसंच सांभाळते.

आता मातीच्या फ्रिजबद्दल. मघाशी म्हटलं की पाण्याची वाफ होताना उष्णता पळते. स्वयंपाकात ती चोर आहे. माठात हीच चोरी आपल्या कामाला येते: भिंतीतून झिरपलेलं पाणी वाळताना माठाचीच उष्णता घेऊन जातं. उत्तर नायजेरियातले शिक्षक मोहम्मद बाह अब्बा यांनी १९९५ च्या सुमारास एका मडक्यात दुसरं मडकं ठेवून मधे ओली वाळू भरली आणि गरीब शेतकऱ्यांची भाजी टिकवली. २००० साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. त्याआधी दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेने विटांच्या दुहेरी भिंतीत वाळू भरून याच तत्त्वावरचा शीतकक्ष केला होता. गुजरातेत वांकानेरला मनसुखभाई प्रजापती यांनी पूर्ण मातीचं शीतकपाट बनवलं.

घरी करायला सोपं आहे. एक मोठी मातीची कुंडी आणि तिच्यात मावेल असं पसरट तोंडाचं मडकं. दोन्हींना रंग किंवा झिलई नको, नाहीतर पाणी झिरपणार नाही. कुंडीच्या तळाचं भोक बुचाने बंद करायचं. तळाला चार बोटं धुतलेली वाळू, त्यावर मडकं, आणि भोवतीच्या फटीतही वाळू. फट दोन इंचांची तरी हवी. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी घालायचं आणि मडक्याच्या तोंडावर ओलं फडकं. सावलीत, पण वाऱ्यावर ठेवायचं. आईची कोथिंबीर एप्रिलमध्ये ओट्यावर एका दिवसात मान टाकते. या मडक्यात ती चार दिवस ताजी राहिली. टोमॅटो, वांगी, मिरच्या छान राहतात. दूध, शिजलेलं अन्न यांत ठेवू नका, तेवढी थंडी इथे नाही.

आणि हे सगळीकडे चालेल असंही नाही. माझी मैत्रीण रत्नागिरीला आहे. तिने हौसेने दोन कुंड्या आणल्या आणि आठवड्याने फोनवर म्हणाली, “अगं, वाळू ओली आणि भाजी उबट!” कोकणातल्या दमट हवेत पाणी वाळतच नाही, तर थंडावा कुठून येणार? वाईतही जून लागला की आमच्या कुंडीत आई पुदिना लावते. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, सोलापूर इथल्या उन्हाळ्यात मात्र जरूर करून पाहा.

घरात आता एक वेळापत्रक बसलंय. मावशी आल्या की आई डाळ-तांदूळ काढून देते, त्या धुऊन भिजत घालतात. आई भाजी चिरते. पातेलं चढतं, फोडणी होते, पोळ्या होतात. नऊला रेग्युलेटर बंद करून मावशी जातात आणि जाताना मला फोनवर ‘झालं’ एवढंच सांगतात. संध्याकाळच्या चहाला वहिनी येतात, त्या पुन्हा गॅस लावतात आणि बंदही करतात. भाऊ अजूनही अधूनमधून डब्याचा विषय काढतो. त्याचं चुकतं असं मी म्हणत नाही. आई आणखी थकेल तेव्हा तोही दिवस येईल.

मागच्या दिवाळीत तो सहकुटुंब आला होता. आईने साडेबाराला ट्रंकेची कडी काढली, गादी बाजूला केली, आणि वाफ वर आली तशी नातवंडं टाळ्या वाजवायला लागली. भावाने दोनदा वरण घेतलं. आईने पहिला घास खाल्ला, थोडी थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “भात गिच्च झालाय. तुझ्या या पेटीत पाणी आटत नाही. उद्यापासून अर्धी वाटी कमी घालत जा, मावशींनाही सांग.”